खंडेनवमीच्या पाटावर जात्याचे स्थान

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले, देवीस माळा चढल्या, घटाभोवतीच्या काळ्या मातीतून कोवळे अंकुर वर आले आणि पाहता पाहता नवमी उंबरठ्याशी येऊन ठेपली. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे पूजण्याचा परिपाठ आपल्या घरोघरी आहे. शेतकरी नांगर, पाभर, कोयता धुऊन-पुसून पाटावर ठेवतो, सुतार करवत व रंधा मांडतो. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. दारापुढील ट्रॅक्टर आणि दुचाकीही हळदकुंकवावाचून राहत नाही. ज्या साधनाने पोट भरते त्यात देवत्व पाहावे, ही आपल्या धर्माची थोर शिकवण होय.

ह्या पाटासमोर हात जोडताना एक साधा प्रश्न मनात आणावा, असे आम्हांस वाटते. ज्या साधनांनी शतकानुशतके घराचे पोट भरले, ते जाते, उखळ-मुसळ, सूप आणि बियाण्याची कणगी ह्यांना ह्या पाटावर स्थान आहे काय? काही घरांत त्यांवरही दोन फुले वाहिली जातात, हे आम्ही जाणतो. परंतु पुष्कळ घरांत अवजार म्हणजे पुरुषाच्या हातातले अवजार, आणि बाईच्या हातातले ते नुसते घरकाम, असा भेद नकळत झालेला आहे. तो कोणत्या शास्त्राने केला, हे विचारण्यास नवरात्रासारखा काळ नाही.

उत्तरासाठी दूर जावयास नको. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी ह्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे दीर्घकाळ तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळात तेथे नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती त्यांनी उजेडात आणली. लोखंडाचा वापर रुळण्यापूर्वीच्या ह्या लोकांनी नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध घातला होता, पाट काढला होता. ते सातू पिकवीत. मसूर, वाटाणा, हुलगे त्यांच्या आहारात होते. घराघरांत चुली होत्या, धान्य साठविण्याची पेवे होती, दळण्याचे दगड होते. चाकावर घडविलेल्या सुबक तांबड्या भांड्यांबरोबर हाताने घडविलेले जाड रांजणही होते.

ह्याच गावात जोर्वे संस्कृतीच्या पहिल्या टप्प्यातील एका घराच्या जमिनीखाली मातीची एक अंडाकृती डबी पुरलेली आढळली. डबीच्या झाकणावर स्त्रीची मूर्ती होती. आत कच्च्या मातीची, मस्तक नसलेली आणखी एक स्त्रीमूर्ती आणि तिच्या जोडीला बैल होता. मूर्तीच्या पोटास व बैलाच्या पाठीस छिद्रे होती. काडी खोवून देवीला बैलावर बसविता येई. आज आपण ज्या भूमीत घट मांडतो, त्याच भूमीत तीन हजार वर्षांपूर्वी कोणा कुटुंबाने घराच्या कोपऱ्यात मातीची देवी जपली होती, हे वाचून कोणा भाविकाचे हात जुळणार नाहीत? परंतु देवीला स्त्रीरूप देणाऱ्या त्या घरात धान्य निवडणारे, दळणारे आणि साठविणारे हात कोणाचे होते, हे मातीवर कोणी लिहून ठेवले नाही. राजांची नावे ताम्रपटांवर कोरली गेली. दळणाच्या दगडावर नाव घालण्याची चाल नव्हती.

घटाचेच पाहा. परडीत माती घालून धान्य पेरावयाचे, नऊ दिवस पाणी शिंपावयाचे आणि दसऱ्यास ते अंकुर देवाला वाहून टोपीत खोवावयाचे. ह्या विधीत रब्बीच्या पेरणीपूर्वी बियाण्याचा कस पाहण्याची युक्ती दडलेली आहे, असे मानणारे जाणकार आहेत. शिरूर-दौंडचा मोठा भाग पूर्वीपासून शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. नवरात्र येते ते नेमके त्या पेरणीच्या तोंडावर. घरच्या बियाण्यातले कोणते दाणे जोमाने उगवतील हे येथे देवीसमोरच कळते. ते बियाणे कणसे निवडून, वाळवून, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत वर्षभर राखले कोणी? घरच्या बाईने. राखेमुळे दाण्यातली ओल शोषली जाते व किडीस थारा मिळत नाही, हे आज प्रयोगशाळा सांगते. आजीला ते सासूकडून ठाऊक होते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती ह्याच विद्येसाठी. त्यांना शाळा लाभली नव्हती. गावरान वाणांची पारख मात्र त्यांच्या हातात होती.

आता जात्याकडे वळू. त्याला आपण यंत्र म्हणत नाही, कारण त्याला वीज लागत नाही. पण नीट पाहिले तर त्यात यंत्रशास्त्राचे किती नियम आहेत! खालची तळी स्थिर, वरची फिरती. मधल्या खिळीवर सारा तोल. खुंटा कडेला, म्हणजे थोड्या जोरात जड दगड फिरावा. डाळ भरडावयाची असेल तर खिळीभोवती चिंधीचे वेढे देऊन वरचा दगड किंचित उचलावयाचा; पीठ बारीक हवे असेल तर वेढे काढावयाचे. कोणत्या धान्यास मूठ केवढी आणि फेरा किती वेगाचा, हे सारे कानाने आणि हाताने ठरते. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते. छिन्नी-हातोडा घेऊन ते काम करीत गावोगाव हिंडणाऱ्या बायाही आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. जात्यावर दळता दळता बायांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ ह्यांनी शेकडो गावांतून गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ओव्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. ज्या यंत्रापुढे बसून त्या स्फुरल्या, ते चालविण्याच्या कौशल्याचे कौतुक मात्र व्हावयाचे राहिले.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायांच्या हाताचे घट्टे गेले, पहाटेची झोप लाभली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु दळण जोवर फुकट होते तोवर ते बाईचे काम होते. त्याला दर ठरला, पट्टा आणि मोटार आली, तेव्हा गिरणीवर पाटी बहुधा पुरुषाच्या नावाची लागली. कुंभाराच्या घरीही असेच दिसते. माती चाळणे, मळणे, रंगविणे ह्यांत घरची बाई असते. चाकावर बहुतेक ठिकाणी पुरुष बसतो आणि कारागीर म्हणून नाव त्याचे होते.

हा दोष केवळ आपलाच आहे असे नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीत सिबिला मास्टर्स नावाची एक गृहिणी होती. मका जात्यात भरडण्याऐवजी मुसळांनी यंत्रशक्तीवर कांडण्याची युक्ती तिने शोधली. तिच्या शोधाचा अधिकारपत्र इंग्लंडच्या राजाने १७१५ साली दिला, तो तिचा पती टॉमस ह्याच्या नावाने. शोध पत्नीचा आहे असे त्या कागदात नमूद होते. हक्क मात्र पतीचा झाला. त्या काळच्या कायद्याने विवाहितेस स्वतंत्र हक्कच नव्हता. बुद्धी देवाने दोघांना सारखी दिली. नाव लिहिण्याची लेखणी तेवढी एकाच्या हाती राहिली.

ती लेखणी, किंबहुना ते खिळे, बायांच्या हाती आले तर काय घडते, ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. इनामगावाकडून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातील केडगाव येते. भाविकांना ते नारायण महाराजांच्या बेटामुळे परिचित आहे. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुली व विधवा ह्यांना आसरा दिला. रमाबाईंच्या धर्मांतराने त्या काळी मोठे वादळ उठले होते; तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ज्यांना घराने अशुभ ठरविले होते त्या बायांनी तेथे शेती केली, माग चालविले, तेल गाळले आणि छापखाना चालविला. खिळे जुळविणे हे त्या काळी पुरुषांचे काम. केडगावच्या मुली ते शिकल्या आणि रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्याच हातांनी जुळवून छापला गेला. हातात कसब होतेच. कोणीतरी खिळ्यांची पेटी पुढे ठेवण्याचा अवकाश होता.

आमच्या बोलण्याचा खरा रोख येथेच आहे. आपल्या परंपरेने जात्यास मुळीच विसरलेले नाही. लग्नघरी घाणा भरतात तेव्हा जाते आणि उखळ-मुसळ ह्यांना हळकुंड बांधून पूजतात, सुवासिनी दळणास हात लावतात आणि मगच कार्यास आरंभ होतो. परंतु त्या प्रसंगी घरातील विधवा आजी कोठे असते? जिने चाळीस वर्षे ते जाते ओढले, जिच्या हातच्या पिठावर नवरदेवाचा बाप वाढला, ती आतल्या खोलीत किंवा दूर भिंतीशी उभी असते. यंत्राला कुंकू लागते. ते चालविणारीच्या कपाळावरचे मात्र पुसले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात वैधव्याच्या अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव कागदावर होतो. तो खरा होतो तो घराच्या माजघरात.

देवी नऊ दिवस आपल्या घरी असते. तिच्या हातांत आपण खड्ग, चक्र, त्रिशूळ पाहतो आणि ती सारी शस्त्रे चालविण्यास ती समर्थ आहे, ह्याविषयी आपल्या मनात शंका नसते. मग घरच्या लेकीच्या हाती पाना-पकड किंवा ट्रॅक्टरचे चाक पाहून भुवया का उंचावाव्यात? आज रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत मुली कामावर जातात. उद्या एखाद्या यंत्रातील सुधारणा त्यांतल्याच एकीला सुचली, तर ती तिच्याच नावाने नोंदली जावी, एवढे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

तेव्हा यंदाच्या नवमीस माळ्यावर किंवा परसात पडलेले जाते खाली आणावे, धुवावे आणि नांगर-कोयत्याच्या शेजारी मांडावे. जाते नसेल तर पाटा-वरवंटा, सूप, चाळण, जे असेल ते चालेल. मग घरातील सर्वांत वडील स्त्रीस, ती सुवासिनी असो वा नसो, पूजेस पुढे बोलवावे; हळदकुंकू तिच्या हातून वाहवावे. पूजा झाली की नातवंडांना तिच्याभोवती बसवावे आणि खीळ कशी बसवीत, बियाणे कसे राखीत, कोणते धान्य केव्हा दळीत, हे तिला विचारावे. एखाद्या नातीने ते वहीत उतरून घ्यावे आणि वहीच्या पहिल्या पानावर आजीचे संपूर्ण नाव घालावे.