विश्लेषण : पाच किलोच्या बाळाला पंचवीसची गोळी कशी द्यायची?

हृदयाच्या आजारासाठी पाच किलोच्या बाळाला डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिले, एका वेळी ५ मिलिग्रॅम. दुकानात मिळते २५ मिलिग्रॅमची गोळी. मग चाकण असो की भोसरी, घरी गोळी चुरडली जाते, ५ मिलिलिटर पाण्यात कालवली जाते आणि त्यातले १ मिलिलिटर सिरिंजने पाजले जाते. हिशेब बरोबर आहे, पण औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुरा तळाशी बसतो. वरच्या पाण्यात औषध नाममात्र, तळाच्या घोटात भरमसाट.

यावरचा उपाय म्हणजे कंपाउंडिंग.

म्हणजे नेमके काय?

डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार एकाच रुग्णासाठी फार्मासिस्टने औषध तयार करणे. चुरा समान तरंगत राहील अशा घट्टसर द्रवात तो गोळी खलतो, त्यामुळे प्रत्येक चमच्यात सारखीच मात्रा येते. नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णाला पातळ औषध किंवा लॅक्टोज न चालणाऱ्याला त्याविना कॅप्सूल, हीही याच कामाची उदाहरणे.

आपल्याला हे नवे वाटू नये. डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली आजी-आजोबांना आठवत असेल. दवाखान्यात ती भरून देणारा तो ‘कंपाउंडर’. शब्द राहिला, काम गेले. कारखान्यातल्या तयार गोळ्यांनी ते संपवले आणि त्यात पिंपरीचाही वाटा आहे. १९५४ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली ‘एचए’, ही केंद्र सरकारची पहिली औषध कंपनी. स्वस्त पेनिसिलिन घरोघरी पोहोचणे ही मोठीच गोष्ट होती. पण कारखाना ठरावीक मापातच गोळ्या काढतो आणि बाळे त्या मापात बसत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

परवानगी आहे. फार्मसी कायदा, १९४८ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध मिसळून तयार करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचेच काम. औषध नियमावलीच्या अनुसूची ‘एन’मध्ये त्यासाठीची जागा आणि साहित्य सांगितले आहे : एका फार्मासिस्टसाठी किमान ६ चौरस मीटरचा विभाग, तराजू, मोजमापे, खलबत्ता. जुन्या नियमावलीने पाट्यांतही फरक केला होता. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ म्हणजे तयार औषधे विकणारा, ‘फार्मसी’ म्हणजे औषध बनवूनही देणारा. आज पाटीवर फार्मसी लिहिले आहे म्हणून आत खलबत्ता असेलच, असे मानू नका. थेट विचारा. नाही म्हटले तर मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात चौकशी करा.

धोका कुठे आहे?

तयार गोळीची बॅच कारखान्यात तपासली जाते. इथे सगळी भिस्त एका माणसाच्या हातावर आणि स्वच्छतेवर. २०१२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका कंपाउंडिंग केंद्राच्या स्टिरॉइड इंजेक्शनांत बुरशी शिरली. ७५० हून अधिक लोक आजारी पडले, त्यांतले ६४ दगावल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने केली. तिथला कायदा पुढच्याच वर्षी कडक झाला. म्हणून तोंडाने घ्यायचे पातळ औषध एक वेळ ठीक; इंजेक्शन किंवा डोळ्यांत घालायचे थेंब असे कुठेही बनवून घेऊ नयेत.

मग करायचे काय?

आधी डॉक्टरांनाच विचारा, हेच औषध सिरप, थेंब किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीत मिळते का? बऱ्याचदा मिळते आणि ते केव्हाही बरे. नसेल तर चिठ्ठीवर मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, नुसते ‘अर्धा चमचा’ नको. बाटलीवर दुकानाचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, नोंदवहीतला क्रमांक आणि मात्रा हवी. किती दिवस टिकेल, हेही विचारा. संरक्षक न घातलेले पाण्यातले औषध फ्रीजमध्ये ठेवूनही साधारण १४ दिवसांपलीकडे वापरत नाहीत. दर वेळी बाटली नीट हलवा.

आणि नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता चुरडू नका. तिच्यातले औषध दिवसभर हळूहळू सुटावे अशी तिची बांधणी असते; चुरा केला की ते एकदम पोटात जाते.