औषधाची ओळखपरेड (भाग 6) : मिक्श्चर कालवण्याआधी

पाथरीतल्या साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, कंपाउंडर आठवतोच. काचेची बाटली, तिला मात्रेच्या खुणांसाठी चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी, आणि आतल्या गुलाबी मिक्श्चरमध्ये काय आहे हे फक्त त्याला आणि डॉक्टरांना ठाऊक. आता खोकल्याचं औषध कारखान्यातून सीलबंद येतं. तरी कालवाकालव पुरती थांबलेली नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली मलमं बनतात, मोठ्यांची गोळी खलून तान्ह्या मुलांसाठी पुड्या बांधल्या जातात. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं. पण हाती आलेल्या बरणीत लेबलावर लिहिलेलाच पदार्थ आहे, हे त्याने कशावरून मानायचं?

मानलं की काय होतं, ते महाराष्ट्राने 1986 मध्ये पाहिलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी द्रावक होतं. दोन्ही रंगहीन, दोन्ही दाटसर, दोन्ही गोड. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळायचा नाही. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातल्या खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळी साखळी उघडी पाडली, आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. एवढं होऊन 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडं बंद पडून दाखल होत होती. त्यांच्या कफ सिरपमध्ये तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला तेच रसायन 48.6 टक्के सापडलं.

हातात मावणारा रामन वर्णपटमापक इथे कामाला येतो. लेसरचा झोत पदार्थावर पडला की जवळजवळ सगळा प्रकाश आला तसाच विखुरतो. कोट्यवधींतला एखादा प्रकाशकण मात्र रेणूच्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण करून थोड्या वेगळ्या तरंगलांबीने बाहेर पडतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हे 1928 मध्ये दाखवलं. या बदललेल्या प्रकाशाचा आलेख प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. उपकरण तो आपल्या साठ्यातल्या नमुना-आलेखांशी ताडून पाहतं. बाटली उघडावीही लागत नाही, पारदर्शक काचेतून किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून काम भागतं. शिवाय पाण्याचा स्वतःचा संकेत क्षीण असल्याने पातळ औषधांत ते फारसं आड येत नाही.

विक्रेते सांगत नाहीत ती बाजू आता पाहू. एकट्या पदार्थाचा आलेख स्वच्छ येतो. मिक्श्चर कालवलं की साखर, रंग, सुवास, औषध, सगळे जत्रेतल्यासारखे एकदम बोलू लागतात. रंगीत सिरप आणि काढ्या-चूर्णांत तर पदार्थाची स्वतःची चमकच मूळ संकेत बुडवून टाकते. विषाची मर्यादा 0.1 टक्का, इतक्या कमी प्रमाणावर या उपकरणाने भरवसा देऊ नये, तिथे प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. हृदयविकाराच्या डिगॉक्सिनच्या गोळीत औषध असतं 0.25 मिलिग्रॅम, बाकी सगळी भर. अशा गोळीबद्दल उपकरण बोलेल ते बहुतेक भरीबद्दल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तयार मिक्श्चर तपासण्यापेक्षा कालवण्याआधी प्रत्येक डबा, प्रत्येक बरणी तपासावी. जे. जे. मधलं ते ग्लिसरीन असंच दारात अडवण्याजोगं होतं.

भेसळ ठोक असेल तर मात्र तयार गोळीवरही हे उपकरण चालतं. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचे नमुने मार्च 2023 मध्ये घेतले गेले. त्यांत औषधच नाही, असा अहवाल आला डिसेंबरात. पुढे तपासात टाल्कम पावडर आणि स्टार्च निघालं. खऱ्या गोळीत हे औषध 250 किंवा 500 मिलिग्रॅम असतं, म्हणजे गोळीचा मोठा हिस्सा तेच. ते मुळातच नसेल तर उपकरणाला काही मिनिटांत कळावं. मधल्या नऊ महिन्यांत रुग्णांनी काय गिळलं असेल, याचा विचार करवत नाही. आपल्याकडेही हे दूरचं राहिलेलं नाही. पाथरीहून सोनपेठ-परळीमार्गे अंबाजोगाई गाठता येते. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला पुरवलेल्या गोळ्यांत ॲझिथ्रोमायसिन नव्हतं म्हणून डिसेंबर 2024 मध्ये गुन्हा नोंदला गेला.

प्रत्येक मेडिकलवाल्याने लाखांचं यंत्र घ्यावं, असं कुणी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाच्या बॅगेत एक असलं आणि त्याची फेरी परभणी, मानवत, पाथरी, सोनपेठ अशी फिरत राहिली तरी पुष्कळ. अर्थात यंत्रावर लाल खूण आली म्हणून कोर्टात गुन्हा सिद्ध होत नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार निरीक्षकाला रीतसर नमुना घेऊन तो सरकारी विश्लेषकाकडेच पाठवावा लागतो. लाल खुणेचा उपयोग एवढाच, की अहवाल येईपर्यंत तो माल खिडकीतून कुणाच्या हाती जाणार नाही.

नमुना-आलेखांचा साठा कोण जमवतो आणि त्यात स्वस्त जेनेरिक गोळ्या का कमी पडतात, ते पुढच्या आठवड्यात.