एक वर्ष, एकवीस तिकिटं

‘रविवारी काय केलंस?’ सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं... ‘काही नाही गं, झोपले.’ डिसेंबर २०२३ मधल्या एका सोमवारी मात्र हे उत्तर देताना माझं मलाच कसंतरी झालं. वय २७, गोकुळ शिरगावात नोकरी, बऱ्यापैकी पगार आणि अख्ख्या वर्षात आठवावी अशी एक संध्याकाळ नाही! मोबाइलवर रात्र-रात्र जागून संपवलेल्या सिरीजची तर नावंसुद्धा आठवेनात.

त्याच आठवड्यात घरी पैज लागली. पैज लावणारे आमचे आबा, वय ८१. ‘तुम्हा पोरांना दोन तास फोन बंद करून एका जागी बसता येत नाही,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. मी म्हटलं, वर्षभर बसून दाखवते. नाटक, नाच, गाणं, काहीही चालेल. समोर जिवंत माणूस पाहिजे, एवढीच अट. प्रत्येक महिन्यात किमान एक प्रयोग. हरले तर पुढचं वर्षभर दर रविवारी पहाटे आबांबरोबर रंकाळ्याला फिरायला जायचं. रविवारी. पहाटे. तुमच्या लक्षात आलं असेल, मी किती सिरीयस होते ते!

तसं बघितलं तर कोल्हापुरात ही पैज अवघड नव्हती. आपल्याकडे केशवराव भोसले नाट्यगृह होतं ना! राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ मध्ये काम सुरू केलं आणि १९१५ मध्ये ते उघडलं. तेव्हा नाव पॅलेस थिएटर. आबा अजून तेच नाव घेतात. पाठीला पाठ लावून खासबागचं कुस्ती मैदान, तेही महाराजांनीच बांधलेलं. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला षड्ज. अशी जोडी दुसऱ्या कुठल्या शहरात असेल तर मला सांगा!

जानेवारीत पहिला प्रयोग. मुंबईचं धमाल विनोदी नाटक, हाउसफुल्ल. पहिल्या अंकात फोन वाजला. कुणाचा? माझाच. बॉसचा. स्टेजवरचा नट थांबला, माझ्या दिशेनं बघून म्हणाला, ‘घ्या, महत्त्वाचा असेल.’ अख्खं थिएटर हसलं. त्या दिवसापासून दारातच फोन बंद करायची सवय लागली. आबांना हे अजून सांगितलेलं नाही.

खरी मजा मात्र या गाजलेल्या नाटकांत नव्हती. तिथं तीनशे-चारशेचं तिकीट, टाळ्यांच्या जागा ठरलेल्या, बाहेर पडल्यावर सेल्फी. वाईट काहीच नाही. पण मला वेड लावलं ते हौशी मंडळींनी. एका प्रयोगाला आम्ही प्रेक्षक मोजून साठ असू. दुसऱ्या अंकात सेटची भिंत कलायला लागली. वडिलांचं काम करणारा नट सहज चालत गेला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि उरलेला सगळा प्रवेश तिथूनच केला. मुलाशी भांडण, रडणं, सगळं. मला वाटलं, दिग्दर्शकानं तसंच बसवलंय. हरलेला माणूस भिंतीला टेकून बोलतोय, काय कल्पना आहे! सोमवारी चेक भरायला बँकेत गेले, तर काउंटरमागे तोच! म्हटलं, ‘सर, काल ती भिंत...’ ते हसले. ‘मॅडम, पाठ अजून दुखतीय.’ महिनाभर ऑफिस सुटल्यावर रात्री अकरापर्यंत तालमी, सेटचं सामान उसनं, टेम्पोचं भाडं वर्गणी काढून. आणि आम्ही म्हणतो, वेळ मिळत नाही!

नाचाचा माझा अभ्यास शून्य. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कथकचा कार्यक्रम बघितला, तेव्हा पहिला अर्धा तास मी फक्त कपडे बघत होते. मग शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं, ‘समेवर लक्ष ठेव, बाकी सोडून दे.’ तबला आणि पाय कुठं-कुठं फिरून एका क्षणाला एकत्र येऊन आपटतात, ती सम. एकदा ती पकडता आली की पुढं प्रत्येक वेळी छातीत ‘धप्प’ होतं. थँक यू, काकू!

एप्रिलमध्ये संगीत नाटक. इथं मात्र मी चक्क झोपले. पद सुरू झालं की कथा थांबते, गाणारा एकच ओळ घोळवत बसतो, मग कुणीतरी वन्समोर देतं आणि सगळं पहिल्यापासून! आबा शेजारी बसून डुलत होते. मध्यंतरात वडा खाताना ते म्हणाले, ‘गोष्ट काय, सगळ्यांना ठाऊक असती. आज हा कसा म्हणतोय, ते ऐकायचं.’ दुसऱ्या अंकात तसं ऐकून बघितलं. आणि काय सांगू... ऑर्गनचे सूर, तबला आणि तो आवाज, मायक्रोफोन अगदी नावाला. पुढच्या महिन्यात मीच तिकिटं काढली, दोन.

त्या नादात मी केशवरावांबद्दल वाचायला लागले. आमच्या वयाच्या लोकांनी हे वाचावंच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका करून गाजले. १ जानेवारी १९०८ ला, म्हणजे अठरासुद्धा पूर्ण नसताना, ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. स्टार्टअपवाल्यांनो, ऐकताय ना? ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, तेही आपल्या कोल्हापूरचेच. आणि तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय फक्त ३१.

जूनमध्ये ट्रेनिंगसाठी मुंबईला गेले, तर एका संध्याकाळी गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पाश्चात्त्य गायन ऐकलं. सोनेरी नक्षी, बाजूला बॉक्स, सगळं सिनेमातल्यासारखं. इटालियनमधलं एक अक्षर कळलं नाही, पण आबांचा मंत्र तिथंही चालला. वन्समोर मात्र द्यायचा नसतो म्हणे! हे थिएटर १९९३ पासून बंद पडलं होतं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, असं शेजारच्या माणसानं सांगितलं. तेव्हा मी नुसतं ‘अच्छा’ म्हटलं.

जुलैच्या शेवटी एका नाटकाचं तिकीट काढलं होतं. पण त्या आठवड्यात पाऊस असा कोसळला की पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली. रस्ते बंद, आई म्हणाली घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ठीक आहे, म्हटलं, केशवराव कुठं जातंय? ऑगस्टमध्ये दोन बघू.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रात्री दहाच्या सुमारास फोन एकदम थरथरायला लागला. एका ग्रुपवर व्हिडिओ, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. आधी खोटा वाटला. गच्चीवर गेले तर खासबागच्या बाजूचं आभाळ लालभडक. स्कूटी काढून गेले. जवळ जाता येत नव्हतं. लोक गप्प उभे. माझ्यापासून चार हातांवर बँकेतले ते ‘वडील’ उभे होते. छप्पर आत कोसळलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती आणि केशवराव भोसल्यांची जयंती. त्यांच्या नावाचं नाट्यगृह त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री जळालं. सकाळी कलाकार जमले, कित्येकजण हमसून रडले. बाहेरच्या दगडी भिंती उभ्या होत्या, आत राख. आबांनी सकाळी पेपर उघडला आणि न वाचताच घडी घालून ठेवला. ‘माझं पहिलं नाटक तिथलं,’ एवढंच म्हणाले. मला आपली ती जुलैची संध्याकाळ आठवत राहिली. थोडं पाणी तुडवून गेले असते तर?

ऑफिसात दोन तट. एक म्हणे, आता छान एसी, मल्टिप्लेक्ससारखं करा. दुसरा म्हणे, होतं तसंच पाहिजे. मी दुसऱ्या तटात. व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह जानेवारी १९९६ मध्ये असंच जळालं. तिथल्या लोकांनीही ‘जसं होतं तसं, जिथं होतं तिथं’ असाच धोशा लावला आणि डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. फेनिचे म्हणजे फिनिक्स! पण मधली जवळपास आठ वर्षं? तेवढ्यात एक अख्खी पिढी नाटक न बघता मोठी होते, त्याचं काय? एसीवाल्यांशी भांडताना मला जास्त भीती याचीच वाटायची.

प्रयोग थांबले नाहीत, एवढं खरं. ऑगस्टअखेरीस शाहू स्मारकमध्ये पुन्हा नृत्य, देवल क्लबच्या गोविंदराव टेंबे रंगमंदिरात गाणं. नवरात्रात अंबाबाईच्या आवारात छोट्या पोरींचं भरतनाट्यम. एकीचं घुंगरू सुटलं, तिनं एका पायानं ते बाजूला सारलं आणि ताल सोडला नाही. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, हाफ डे टाकून सांगलीला गेले. १८४३ मध्ये याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी तिथं ‘सीतास्वयंवर’ केलं होतं. पन्नास किलोमीटरचं अंतर, पण भावे नाट्यमंदिरात अर्धी ओळख कोल्हापूरची निघाली. ‘तुम्हीपण?’ ‘हो, काय करणार!’

३१ डिसेंबरला तिकिटांचे अर्धे तुकडे टेबलावर मांडले. एकवीस. आबांनी चष्मा लावून, महिन्यावार लावून मोजले आणि म्हणाले, ‘जुलै कुठाय?’

मी पुराचं सांगितलं. ‘पाणी माझ्याही लक्षात आहे. पैज म्हणजे पैज.’

तर ५ जानेवारी २०२५, पहिला रविवार. पहाटे साडेपाच, रंकाळ्यावर धुकं, मी अर्धी झोपेत. परतताना आबा घराकडं वळलेच नाहीत. सरळ खासबागेकडं. काळवंडलेल्या भिंतीसमोर हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, ‘पुढचं कधीचं काढलंयस?’

‘शनिवारचं, सांगलीचं. दोन काढलीत.’

‘उशीर झाला तर शेवटची एसटी मिळंल न्हवं?’

मी फोन काढून वेळापत्रक बघायला लागले.