गोऱ्या बाळाचे डोळे वेळीच दाखवा

"बाळ अगदी साहेबासारखं गोरं हो!" बारशाला आलेल्या बायका कौतुक करतात. पण घरात सगळे सावळे आणि बाळाचे केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढरट-पिवळसर असतील, तर मैत्रिणींनो, नुसत्या कौतुकावर राहू नका. हा अल्बिनिझम असू शकतो. हे कोड नव्हे आणि संसर्गजन्य तर मुळीच नाही. शरीरात रंगद्रव्य जन्मतःच कमी तयार होतं, इतकंच.

पण डोळ्याच्या पडद्याच्या घडणीलाही हेच रंगद्रव्य लागतं. म्हणून खरी अडचण नजरेची! शंका आली की आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पहिल्या काही महिन्यांतच नेत्रतज्ज्ञांकडे जा. दोन-तीन महिन्यांचं बाळ नजर स्थिर करत नाही, बुबुळं लंबकासारखी हलतात, उजेडात डोळे मिटून घेतं, तिरळं बघतं, तर 'मोठं झालं की सुधारेल' म्हणून थांबू नका. रंग फारसा वेगळा नसला तरीही! चष्म्याने नजर पूर्ण होत नाही. पण आहे तिचा चांगला उपयोग होतो.

त्वचारोगतज्ज्ञांना वर्षातून एकदा दाखवावं. उन्हाने अशा त्वचेला कर्करोगाचा धोका असतो. महिनाभरात न भरणारी जखम किंवा वाढती गाठ दिसली, तर लगेच जावं. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी आणि 'एसपीएफ ३०' किंवा त्याहून जास्तीचं मलम ही रोजची सवय हवी.

सहज काळेनिळे डाग पडतात, घोळणा वारंवार फुटतो किंवा सारखे जंतुसंसर्ग होतात? मग रक्तविकारतज्ज्ञांना गाठा. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेआधी तर नक्कीच. अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका.

शाळेत शिकवताना एक गोष्ट सांगावीशी वाटते. असं मूल मठ्ठ नसतं, त्याला फळा दिसत नसतो. पहिला बाक, मोठी अक्षरं आणि खिडकीकडे पाठ, एवढ्यानेही त्याचं पुष्कळ काम होतं.

आणि हो, ग्रहण पाळलं नाही, केशर जास्त खाल्लं, असे बोल सुनेला लावू नयेत. बहुतेक प्रकारांत हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघांच्या अंगावर तो दिसतही नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला दोघांनी मिळून घ्यावा. दोष शोधत बसण्यापेक्षा बाळाला डॉक्टरांकडे नेणं अधिक शहाणपणाचं, नाही का?