डिस्क खराब, की निरोप हरवला?

उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या गावात आता बरेचसे कागद संगणकातच राहतात. सेवा केंद्रात भरलेले पीकविम्याचे अर्ज, पतसंस्थेतल्या ठेवींच्या नोंदी, शाळेची निकालपत्रके. अशा एखाद्या संगणकाला एक विचित्र दुखणे लागते. फाइल उघडताना प्रोग्राम गोठतो, माउसचा बाण मात्र फिरत राहतो आणि अर्ध्या मिनिटाने सारे आपोआप सुरळीत होते. हे पुन्हा पुन्हा घडू लागले की निकाल ठरलेला असतो : हार्डडिस्क गेली, नवी बसवा. कधी तो बरोबर ठरतो. पण कधी डिस्क धडधाकट असते आणि बिघाड असतो तिच्या व प्रोसेसरच्या मधल्या संकेतात, म्हणजे हार्डवेअर इंटरप्टमध्ये. मग नव्या डिस्कचे पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते. हा फरक ओळखता येतो, कारण त्याचा पुरावा संगणक स्वतःच लिहून ठेवत असतो.

इंटरप्टचे काम

प्रोसेसरच्या मानाने डिस्क फार सावकाश चालते. गिरणीत दळण ठेवून आपण दुसऱ्या कामाला जातो आणि दळण झाले की गिरणीवाला निरोप धाडतो, तशी इथली व्यवस्था आहे. ड्रायव्हर डिस्कच्या कंट्रोलरला सांगतो, की अमुक ब्लॉक वाच आणि मेमरीत अमुक ठिकाणी ठेव. कंट्रोलर डीएमए पद्धतीने माहिती थेट मेमरीत उतरवतो आणि इंटरप्ट देतो. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवून ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर चालवतो. हा हँडलर कंट्रोलरचे स्टेटस रजिस्टर वाचतो, कोणते काम पुरे झाले ते पाहतो, संकेत पुसतो आणि वाट पाहणाऱ्या प्रोग्रामला जागे करतो.

हा निरोप हरवला, तर माहिती मेमरीत तयार असूनही प्रोग्राम ताटकळतो. लिनक्समध्ये साटा आणि एनव्हीएमई, दोन्ही प्रकारच्या डिस्कसाठी वाट पाहण्याची नेहमीची मुदत ३० सेकंद असते. अर्ध्या मिनिटाची गोठण येते ती इथून. मात्र डिस्कने खरोखरच उत्तर दिले नाही तरी तेवढाच वेळ जातो. म्हणून केवळ या खुणेवरून निष्कर्ष काढू नये.

एक तार, अनेक धनी

जुन्या पीसीत इंटरप्टच्या तारा मोजक्या होत्या. डिस्क जोडण्याच्या दोन आयडीई चॅनेलसाठी १४ आणि १५ हे क्रमांक राखलेले असत. पुढे कार्डे जोडण्याची पीसीआय पद्धत आली आणि एकच तार अनेक उपकरणांत वाटली जाऊ लागली. तारेवर संकेत आला की तिच्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारावे लागते, ‘हा तुझा का?’ नव्या यंत्रांत एमएसआय आणि एमएसआय-एक्स पद्धत आहे. तीत तार नसते. उपकरण एका ठरावीक पत्त्यावर छोटा संदेश लिहिते आणि तोच इंटरप्ट होतो. एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला २०४८ पर्यंत वेगळे इंटरप्ट मिळू शकतात. त्यामुळे एनव्हीएमई डिस्क प्रत्येक कोअरसाठी स्वतंत्र रांग आणि स्वतंत्र इंटरप्ट ठेवू शकते.

बिघाडाचे मुख्य प्रकार तीन : इंटरप्ट येतच नाही, काम नसतानाही त्याचा पूर येतो, किंवा येतो, पण त्याला धनी सापडत नाही.

तपासणी, एकेक पायरीने

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. निदान चुकले तर यंत्र पुन्हा विकत आणता येते, लोकांच्या नोंदी आणता येत नाहीत.

मग लॉग वाचा. लिनक्समध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्यावी. ‘यूएनसी’ किंवा ‘मीडिया एरर’ दिसले तर डिस्कचा पृष्ठभाग वाचता येत नाही, दोष डिस्कचाच. ‘आयसीआरसी’ दिसले तर माहिती वाटेत बिघडते आहे. केबल आणि कनेक्टर पाहा. ‘लॉस्ट इंटरप्ट’ दिसले तर संशय सरळ इंटरप्टवर जातो. एनव्हीएमईच्या बाबतीत ‘टाइमआउट, कम्प्लीशन पोल्ड’ ही ओळ फार मोलाची आहे. मुदत संपल्यावर ड्रायव्हरने स्वतः रांग तपासली आणि काम आधीच झालेले आढळले, असा तिचा अर्थ. डिस्कने काम केले, निरोप पोचला नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमधली १२९ क्रमांकाची नोंद सांगते, की उत्तर न आल्याने डिस्कच्या कंट्रोलरला रीसेट पाठवावा लागला.

‘नोबडी केअर्ड’ हा संदेश वेगळा आहे. एखाद्या तारेवरच्या एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणत्याही ड्रायव्हरने आपले मानले नाहीत, तर लिनक्स ती तार बंद करतो. त्या तारेवरचे प्रत्येक उपकरण मग मुके होते. गुन्हा एखाद्या जुन्या यूएसबी किंवा नेटवर्क कार्डाचा असतो आणि गोठते मात्र डिस्क. संदेशाखाली त्या तारेवरच्या हँडलरांची यादी असते, ती उतरवून घ्यावी.

पुढची पायरी मोजणीची. ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्ट कोणत्या कोअरवर किती वेळा आला, याचा आकडा असतो. एक मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि हा तक्ता दर सेकंदाला पाहा. डिस्कच्या ओळीतला आकडा कामाबरोबर वाढला पाहिजे. कॉपी अडकली आणि आकडाही थांबला, तर इंटरप्ट येत नाही. मात्र त्याला डिस्कचे मौन कारणीभूत की हरवलेला निरोप, हे लॉगशी ताडून ठरते. डिस्क रिकामी असताना आकडा हजारोंनी धावत असेल, तर तो पूर. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ या ओळीत सतत मोठा आकडा दिसणे हे त्याचेच लक्षण.

त्यानंतर स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहा. साटा डिस्कमध्ये ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्क झिजते आहे. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, ती डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

संशय इंटरप्टवरच स्थिरावला, तर बायोस आणि डिस्कचे फर्मवेअर अद्ययावत करा. न लागणारे कार्ड काढून पाहा. लिनक्स सुरू करताना ‘पीसीआय=नोएमएसआय’ दिल्यास एमएसआय बंद होते; गोठण थांबली तर दोष त्या वाटेवर आहे. ‘आयआरक्यूपोल’ दिल्यास धनी न सापडलेल्या इंटरप्टसाठी सगळे हँडलर तपासले जातात. या दोन्ही गोष्टी निदानासाठी आहेत. त्यांनी वेग घटतो, म्हणून त्यांना कायमचा इलाज समजू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी इथे अवश्य रमावे. वाटून घेतलेल्या तारेवर हँडलरने आधी आपले स्टेटस पाहावे आणि इंटरप्ट आपला नसेल तर तसे स्पष्ट कळवावे. परक्या इंटरप्टवर हक्क सांगणारा ड्रायव्हर खरा दोषी लपवतो. संकेत पुसण्याचा क्रमही नेमका हवा. साटा डिस्कच्या एएचसीआय कंट्रोलरमध्ये आधी पोर्टचे स्टेटस पुसायचे, मग सामाईक रजिस्टरमधला त्याचा बिट. उलट केले तर तो बिट पुन्हा उभा राहतो आणि इंटरप्ट नाहक परत येतो. पीसीआयवरचे लेखन वाटेत रेंगाळू शकते, म्हणून काही वेळा रजिस्टर परत वाचून ते पोचल्याची खात्री करावी लागते.

दुरुस्तीसाठी यंत्र उमरग्याला किंवा सोलापूरला न्यायचे झाल्यास सोबत एक कागद द्या : लॉगमधल्या नेमक्या ओळी, कॉपीच्या आधीचे आणि नंतरचे इंटरप्टचे आकडे, स्मार्टमधले ५, १९७ आणि १९९. ‘संगणक अडकतो’ एवढ्यावर कारागीर अंदाज बांधतो. हा कागद हाती असला की तो थेट दोषापाशी पोचतो.