एकच सोर्स, दोन कर्नल

‘ध्रुव६४’ची बातमी डिसेंबर २०२५मध्ये सगळ्यांनी वाचली. सीडॅकचा, रिस्क-फाइव्ह आराखड्यावरचा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. ऊर भरून यावा असंच ते काम आहे. पण त्यापुढचं काम किती किचकट असतं, ते मी बरकतपुऱ्यात, पीएफ ऑफिसजवळच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर पाहिलं.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आणि त्याचा मित्र रिस्क-फाइव्हसाठी लिनक्सचा कर्नल तयार करत होते. लॅपटॉप इंटेलचे आणि कर्नल दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरचा, म्हणजे क्रॉस-कंपाइल. सोर्स एकच, कॉन्फिगची फाइल पेनड्राइव्हवरून उतरवलेली. तरी तयार झालेल्या दोन्ही इमेजचे शा-२५६ आकडे, म्हणजे फाइलचे चौसष्ट अक्षरी ठसे, जुळेनात. एक बाइट बदलला तरी चौसष्टपैकी बहुतेक अक्षरांची उलथापालथ होते, त्यामुळे फरक केवढा हे आकड्यावरून कळतच नाही.

“मामा, हे बघा,” म्हणत भाच्याने इमेजमधली एक ओळ दाखवली. तिच्यात त्याचं लॉगिन, लॅपटॉपचं नाव आणि रात्री ८ वाजून काही मिनिटांची वेळ होती. कर्नल हे सगळं स्वतःत कोरून ठेवतो. त्या फोल्डरमध्ये कितव्यांदा बिल्ड झाला तेही. भाच्याकडे १ होता, मित्राकडे ३. बिल्डच्या आधी हे चार तपशील ठरवून देता येतात. पोरांनी दिले. आकडे तरी वेगळेच.

खरी गोम पुढे होती. एकाकडे उबुंटू २२.०४, दुसऱ्याकडे २४.०४, म्हणजे जीसीसी कंपायलर ११ आणि १३. कर्नलची ४.१८ आवृत्ती २०१८मध्ये आली, तेव्हापासून कॉन्फिगची यंत्रणा कंपायलरलाच विचारते, ‘तुला हे जमतं का?’ आणि उत्तर पाहून काही पर्याय चालू-बंद करते. म्हणजे कॉपी केलेली कॉन्फिग पहिल्याच मेकनंतर तीच राहत नाही! टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्यासमोर आकाश एकच असतं, पण अयनांश वेगळा धरला की कधी कधी अधिक महिनासुद्धा निराळा येतो. त्यातलाच हा प्रकार. भल्याभल्यांचे दिवस इथे वाया जातात, कारण कोणी कॉन्फिग दुसऱ्यांदा उघडून बघत नाही.

त्यात मॉड्यूलवर सही करायची किल्ली. ती आपण दिली नाही, तर प्रत्येक मशीन आपली नवी बनवतं आणि तिचं प्रमाणपत्र कर्नलमध्ये जाऊन बसतं. विंडोजच्या ड्राइव्हवर सोर्स उतरवला तर आणखी एक गंमत. कर्नलमधल्या नेटफिल्टरच्या काही फायलींच्या नावांत फरक फक्त कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा आहे, त्यामुळे जोडीतली एक फाइल दुसरीखाली दडपली जाते.

चालतोय ना कर्नल, मग आकड्याचा एवढा अट्टहास कशाला? मार्च २०२४चं, एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये चोरदरवाजा चालू करणारी एक फाइल होती, जी गिटमधल्या सोर्समध्ये नव्हती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या खटक्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने ते पकडलं. कुणी दोन्हीकडून बिल्ड करून आकडे ताडून पाहिले असते, तर फरक डोळ्यांसमोर आला असता. डेबियनची मंडळी २०१३पासून याच कामाला लागली आहेत, हजारो पॅकेजेसवर.

म्हणून माझं ठाम मत आहे की देशी चिपसाठी जी इमेज जनतेच्या पैशातून तयार होईल, तिच्यासोबत कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिग आणि ठरवलेली वेळ जाहीर झालीच पाहिजे. बरकतपुऱ्यातल्या पोरालाही घरी बसून ती पडताळता आली पाहिजे.

पोरांनी शेवटी दोन्ही लॅपटॉपवर एकच कंटेनर घेतला, कंपायलर एक केला, किल्लीही एक. अकरा वाजून गेले होते. भाचा एकेक अक्षर मोठ्याने वाचत होता आणि मित्र स्क्रीनवर बोट ठेवून “हं” म्हणत होता. चौसष्टावं अक्षर सी होतं, दोन्हीकडे.