गुळाची पारख आणि नूतनची कारकीर्द

घरचा धंदा मुलाने पुढे चालवावा, ही आपल्याकडची रीत. सिनेमाच्या धंद्यात हीच रीत एका मराठी घरात मुलींनी पाळली. आई शोभना समर्थ १९४३ च्या ‘रामराज्य’मध्ये सीता झाल्या. वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. ४ जून १९३६ रोजी जन्मलेल्या थोरल्या लेकीला, नूतनला, आईनेच १९५० साली ‘हमारी बेटी’त उभे केले. धाकटी तनुजाही पुढे नामांकित नटी झाली.

१९५२ साली मसुरीच्या सौंदर्यस्पर्धेत नूतनने मुकुट जिंकला. पण नुसत्या रूपावर ती थांबली नाही. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ या पाच चित्रपटांसाठी तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘छबिली’त ती स्वतः गायलीसुद्धा. लग्न झाले, मुलगा झाला, तरी काम सुटले नाही. १९७४ साली पद्मश्री मिळाली.

शेतकरी कुटुंबाने मात्र तिचा १९७३ चा ‘सौदागर’ आवर्जून पाहावा. त्यातली माजुबी खजुरीच्या रसाचा गूळ करते. रस कोणीही आणील. पण जाळ किती ठेवायचा, मळी कधी काढायची आणि काहील कधी उतरवायची, हे तिच्या हाताला ठाऊक. गुऱ्हाळावर राबलेल्या माणसाला हे सांगायला नको. तिच्या गुळावर नवरा मोतीचे बाजारात नाव होते. त्याच पैशाच्या जोरावर तो तिला सोडून तरुण बायको करतो. नवीला गूळ जमत नाही, गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि शेवटी मोती रसाची मडकी घेऊन माजुबीच्याच दारी येतो.

आपल्या परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी, खुरपणी, बियाण्याची निवड, दुभत्या जनावराची देखभाल यांतला मोठा वाटा बायांचाच. पण पट्टी येते पुरुषाच्या नावाने आणि सातबारावरही नाव त्याचेच. बाईच्या कामाची किंमत ती नसल्यावर कळून काय उपयोग? पत्नीचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा.

नूतन २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने गेली. तेव्हा ती अवघी ५४ वर्षांची होती. भगिनींनो, छातीत गाठ लागली तर लाजून अंगावर काढू नका. वेचणी दोन दिवस मागे पडली तरी चालेल, आधी दवाखाना गाठा.